टोपी बघायला आलेली बाई

— नाय नाय ताई, उलटी धरलीय तुमी. ही बारकी गाठ हाय ना, ती मागं येती. हां, आता बघा आरशात. बघा की, लाजताय काय, दुकानात दुसरं कोण हाय? दुपारी तीनला ह्या वारज्यात कुत्रं सुदिक रस्त्यावर येत नाय — आणि तुमी आलात, स्कूटी पार त्या मारुतीच्या देवळाजवळ लावून, तिथनं उन्हात चालत, आणि दारात पाय ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न काय, तर "वरती कोण राहतं हो?" म्हणलं बरंय. टोपी घ्यायला आलेली बाई आधी भाव विचारती. मंग रंग विचारती. मंग परत भाव विचारती. वरती कोण राहतं हे आजवर कुणी विचारलेलं नाय — म्हणजे चौघींनी विचारलंय, पण त्या चौघी टोपीला आल्या नव्हत्या. तुमी पाचव्या. बसा. बसा हो, ते स्टूल घ्या. त्याचा एक पाय आखूड हाय, भिंतीला टेकवून बसा.

आता असं पर्सच्या बंदाशी खेळू नका, मी काय खात नाय तुमाला. तुमी अपेक्षाच्या आई. नाय म्हणू नका, बायोडेटा वरती टीव्हीच्या मागं ठेवलाय, त्यातल्या पोरीचं नाक तुमच्याकडनंच गेलंय. आणि मी रणजितची आई. शकुंतला, सगळे शकू म्हणत्यात. झालं, ओळख झाली. अवो, मच्छिंद्र मामांनी काल रात्रीच फोन केला ना आमच्याकडं — "मुलीची आई उद्या नायतर परवा गुपचूप येऊन बघून जाईल, तुमी माहीत नाय असं दावा." आणि तुमाला काय सांगितलं असंल? "जावा तुमी, त्यांना पत्ता लागायचा नाय." बरोबर? मध्यस्थ कसला, रेडिओ हाय तो. चोरून चौकशी, पण वार सांगून! तेव्हापासनं आमच्या घरात काय धावपळ, काय सांगू तुमाला. रणजितच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता ना गेटवर, मागच्या दिवाळीपासनं, वाघाच्या शेजारी बसलेला, तो उतरवला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळपासनं नवं लुगडं नेसून गॅलरीत बसल्यात, हातात जपमाळ — ती माळ कुठनं आणली मला पण ठाव नाय. आणि रणजितला कडक इस्त्रीचा शर्ट घालून पार्किंगमध्ये उभा केला होता, झाडांना पाणी घालायला. आमच्या घराण्यात झाड कुणी लावलेलं नाय कधी, नुसती तोडली, नायतर ही बिल्डिंग कुठं उभी राहिली असती? अकरापर्यंत त्या एका कुंडीत त्यानं इतकं पाणी घातलं की माती वाहून गेली. मंग कंटाळला, गाडी काढून गेला.

आणि मला ह्यांनी, रणजितच्या पप्पांनी, सकाळी नाष्ट्याला बसवून शिकवलं. "शकू, बाई खाली दुकानातच येणार. तू आपली टोप्या दाखव, आणि बोलता बोलता सोड — घर मोठं, पोरगा निर्व्यसनी, सुनेला मुलीसारखं ठेवतो, आणि मुलीला नोकरी करायची असंल तर आमचं काही म्हणणं नाय." चार वाक्यं. पाठ करून घेतली माझ्याकडनं. तुमच्या मिस्टरांचं जवळजवळ ठरलंय म्हणत्यात — पोरीचे वडील तयार, मामा तयार, पोरगी म्हणती आई म्हणंल तसं. म्हणजे आता सगळं तुमच्या मानेवर येऊन थांबलंय. तुमी ही मान हलवली की पुढच्या महिन्यात सुपारी फुटती. एकतीसचा होईल माझा रणजित दिवाळीला, ताई. त्याच्याबरोबरच्या सगळ्यांची पोरं शाळेत जात्यात. तवा मला तुमची ही मान किती महाग हाय, ते माझं मला माहीत.

पण आधी टोपी. टोपीचं नाटक केलंय तर टोपी न्यावी लागंल, नायतर घरी जाऊन काय सांगणार? त्या चौघींनी नेल्या. एकीनं तर दोन नेल्या, लाज वाटली म्हणून. पोराचं लग्न जमंना, पण टोप्या खपल्या. आणि तुमाला एक सांगते, टोपीच्या बाबतीत मी खोटं बोलत नाय. लोकांना टोपी घालायचं काम आमच्यात बाप्ये करत्यात, मी नुसती शिवते.

तर ही जी तुमी उचललीय, गुलाबी, फुलाची, ती ठेवा खाली. ती लिनन नाय. वर चिठ्ठी हाय 'लिनन' म्हणून — हां, मीच लावलीय, पण ती मी शिवलेली नाय, आयती आणलेली हाय, कॉलेजच्या पोरींसाठी. त्यांना टोपी उन्हासाठी नको असती, फोटोसाठी पायजे असती. तुमाला ही दाखवते. ही मळकट दिसणारी. मळकट नाय, तोच तिचा रंग, जवसाच्या काडीचा. हातात घ्या, गार लागती का? लागणारच. आता मुठीत दाबा. जोरात दाबा ताई, टोपी हाय, कुणाचा गळा नाय. सोडा. पडल्या चुण्या? पडल्या ना? मंग खरी. ज्या लिननला चुणी पडत नाय त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं हाय, हे डोळे झाकून समजायचं. आणि उजेडाला धरा. धागा कुठं जाड, कुठं बारीक, मधीच गाठ. तसंच असतं ते. तरी शंका असली तर थांबा, काडेपेटी कुठं गेली... हां. आतल्या शिवणीतनं एवढा एक धागा ओढायचा, काडी लावायची. बघा. कागद जळल्यावाणी वास, आणि राख कशी, चिमटीत पीठ. आता त्या गुलाबीचा ओढते. बघा, वितळला, काळा मणी झाला. बोट नका लावू, चटका बसंल. त्या चौघींना पण मी हे करून दाखवलं, चौघी "अय्या" म्हणल्या. मंग विचारलं काय, तर फ्लॅट किती हायेत. चार, म्हणलं, आणि हे दुकान. पोरगा काय करतो? बिल्डिंगीचं बघतो. बघतो म्हणजे? म्हणजे बघतो. नोकरी नाय म्हणून नकार दिला चौघींनी. घर कसलं हाय, ह्या घरात बाई कशी राहती, हे कुणीच विचारलं नाय. तुमी पण अजून विचारलं नाय. विचारू नका, मी टोपीचं सांगते.

इकडं या, माप घेते. भुवईच्या वर दोन बोटं, कानाच्या वरनं, असं गोल. साडेबावीस इंच. त्यात अर्धा इंच सैल ठेवायची, एक बोट आत गेलं पायजे. घट्ट टोपीनं डोकं धरतं, आणि मंग बाया म्हणत्यात ऊन लागलं. ऊन नाय, टोपी लागलेली असती. कड बघा — चार बोटं रुंद पायजे, ह्याच्यापेक्षा कमी म्हणजे नाकाचा शेंडा बाहेर राहतो, तुमचा तर राहणारच. हसला का नाय! हसा की. कडेच्या आत बकरम घातलंय, कड लोंबू नये म्हणून, पण पातळ. जाड घातलं की टोपी ताठ राहती, पाच-सहा धुण्यांत आत मोडती, मंग तो मोड जात नाय. आणि आत घामाची पट्टी, ही सुती असावी, लिननची नको, कपाळाला खरखरती. अंबाडा घालत असाल तर मागं अशी चीर ठेवून देते. रंग कुठलापण घ्या, काळा सोडून. आयटीतल्या पोरी काळी मागत्यात. सकाळी सहाला ह्या रोडवर फिरायला जात्यात — काळी टोपी, काळा गॉगल, हातात पाण्याची बाटली. ऊन आठला येतं, तवा त्या लिफ्टमध्ये असत्यात! आणि संध्याकाळी डॉक्टरकडं, अंगात ऊन कमी पडलं म्हणून गोळ्या घ्यायला. आमी ह्याच जागेवर उन्हात मेथी खुरपायचो. तुमी बसलाय ना, तिथं मेथीचा वाफा होता आमचा, आणि लिफ्ट हाय तिथं विहीर. आमाला कुणी गोळ्या नाय दिल्या, आणि टोपी पण नाय दिली. पदर होता.

पदराची गंमत सांगते, ऐका, टोपीचीच हाय. आमच्यात सुनेनं सासऱ्यापुढं, दिरांपुढं, गावातल्या कुठल्यापण थोरल्या माणसापुढं उघड्या डोक्यानं जायचं नाय. म्हणजे नाय. अठ्ठावीस वर्षं माझा उजवा हात पदर ओढायलाच होता, डावा कामाला. शेत गेलं, फ्लॅट आले, लिफ्ट आली, तरी लिफ्टचं दार उघडायच्या आधी मी पदर घेणार, आत कोण असंल काय सांगावं! मंग हे दुकान चालू केलं. दुकान कसं मिळालं म्हणाल तर हा गाळा कोपऱ्यात हाय, भाड्यानं जाईना, म्हणून मिळाला. तर एक दिवस मी आरशासमोर हीच टोपी, हिच्यासारखीच, पहिली शिवलेली, डोक्यावर घालून बघत होते, तोंडात चार टाचण्या, दोन्ही हातांत कापड, आणि मामंजी आले. माझे सासरे, गेनबा. दारातच. पदर घ्यायला हात नाय, बोलायला तोंड नाय. ते थांबले. टोपीकडं बघितलं. चांगलं दोन मिनिटं बघितलं. आणि म्हणले, "झाकलंय नव्हं डोकं? मंग हाय की बरोबर." आणि गेले, तंबाखू मळत. त्या दिवसापासनं ह्या घरात मी टोपी घालून वावरते, ताई. सणाला नऊवारी आणि वर टोपी! आत्याबाई आठ दिवस बोलल्या नाय माझ्याशी, पण मामंजींचा शब्द झालेला. पाहुणे हसत्यात, मी पण हसते. पण त्या रात्री मला झोप नाय लागली. अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं त्यांना मान पायजे. त्यांना मान नको होता, झाकण पायजे होतं. कुठलंपण चाललं असतं. पातेल्यावरचं पण.

अं? नाय नाय, मारत-बिरत कुणी नाय. तुमच्या मनात तेच आलं ना? तुमच्या शहरातल्या पेठेत असंच वाटतं — गावाकडचं घर म्हणजे मारहाण. हातसुदिक नाय लावला मला कुणी. जेवायला घातलं, सोनं केलं, दवाखान्यात नेलं. 'सुनेला मुलीसारखं ठेवतो' हे जे वाक्य ह्यांनी मला पाठ करून दिलं ना, ते खरं हाय. अगदी खरं. माझ्या नणंदेला नववीतनं काढलं आणि घरी बसवलं. मला डी.एड.मधनं काढलं आणि घरी बसवलं. फरक कसला तो केला नाय. बरं, ते जाऊ द्या. धुवायचं कसं ते विचारा की. टोपी घेतली आणि पोरीनं जीन्सबरोबर मशिनीत टाकली तर मंग माझ्याकडं यायचं नाय.

मशिनीत टाकायचीच नाय. गार पाणी, बादलीत रिठ्याचा फेस, त्यात दहा मिनिटं ठेवायची, घामाची पट्टी तेवढी बोटानं चोळायची. ब्रश नाय. पिळायची तर अजिबात नाय — टॉवेलात गुंडाळून दाबायची, पाणी आपोआप निघतं. मंग एक स्टीलचा डबा पालथा घालायचा, डोक्याएवढा, त्याच्यावर टोपी घालून सावलीत ठेवायची. उन्हासाठी घेतलेली टोपी उन्हात वाळवायची नाय, हे लोकांना पटत नाय, पण रंग उडतो. थोडी ओली असतानाच इस्त्री. कोरडी झाली की चुणी बसली, मंग तुमी कितीपण दाबा. डोक्याला तेल लावलं त्या दिवशी घालायची नाय. आणि तेलाचा डाग पडलाच तर तोंडाला लावायची पावडर टाकून रात्रभर ठेवायची. आणि लिनन आटतं. पहिल्या पाण्यात आटतंच. म्हणून मी कापड आधी रात्रभर भिजवते, वाळवते, मंग कापते. बाकीचे तसं करत नायत, त्यांची टोपी एका धुण्यात पोराच्या मापाची होती. दुकानात घालून बघितली तवा बरोबर बसलेली असती, त्यामुळं गिऱ्हाईक भांडायला पण येऊ शकत नाय. काय बोलणार? तुमीच तर बघून घेतली.

माझ्या आईनं पण बघूनच दिली होती मला. ती पण अशीच आली होती, चोरून. बारावी झालेली माझी, डी.एड.ला नंबर लागलेला, आमच्या भोरकडच्या वाडीतली पहिली पोरगी मास्तरीण होणार म्हणून वडिलांनी पेढे वाटले होते. स्थळ आलं. वडील तयार, मामा तयार — तुमच्यासारखंच. आई म्हणली, मी एकदा बघून येते. आली एसटीनं, हितल्या बांधावर, वांगी विकत घ्यायचं निमित्त करून. बांधावर राधाकाकी होती वांगी तोडत, माझ्या सासऱ्यांच्या भावाची बायको. आईनं तिला विचारलं, "घर कसं हाय वो? पोरीला पुढं शिकवतील का?" राधाकाकी म्हणली, "सोन्यासारखं घर. शिकवतील की, का नाय शिकवायचे?" आई पिशवीभर वांगी घेऊन गेली, आणि घरी जाऊन त्या वांग्यांचं भरीत करून सगळ्या आळीला घातलं. इतकी खूश. लग्न झालं. कॉलेजचा पहिला दिवस जूनमधी होता. मी साडी नेसून, पिशवी भरून उभी, आणि आत्याबाई म्हणल्या, "आज भांगलणीला बाया कमी हायेत. उद्या जा." उद्या. त्या उद्याला बत्तीस वर्षं झाली, ताई. नाय कुणीच म्हणलं नाय मला, बरं का. आजपर्यंत कुणी नाय म्हणलेलं नाय.

राधाकाकीला मी विचारलं पुढं, ती आजारी होती तवा, तिचे पाय चेपताना विचारलं. काकी, माझ्या आईला तू खोटं का सांगितलंस? ती म्हणली, "तुझी आई वांगी घेऊन घरला गेली, शकू. मला ह्याच घरात परत यायचं होतं. तुझी सासू चार सऱ्या सोडून उभी होती." रागच आला नाय मला. काय येणार? तिनं पण पाठ केलेलं बोलून दाखवलं.

आता वर गॅलरीत हायेत आत्याबाई. त्यांना ऐकू कमी येतं म्हणा.

नाय, मला काय म्हणायचंय — रणजित तसा नाय. माझा पोरगा हाय, मी वाकडं कशाला बोलू? दारू नाय, काही नाय. मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसतो, कपाळावरची पट्टी बदलत. फ्लेक्स लावतो, त्याला काय, सगळेच लावत्यात. गाडी मोठी हाय पण गाडीत शेजारी कोण नाय, हे मला वरनं दिसतं ना. मागची पोरगी नाय म्हणाली तवा तिचा फोटो त्यानं गाडीच्या कप्प्यातनं काढलाच नाय दोन महिने. मी पाहिलं, बोलले नाय. मला त्याचं लय वाईट वाटतं, ताई. आई हाय मी. तुमची पोरगी घरात आली तर मला काय नको हाय? दुपारी कुणीतरी बोलायला असंल. तिला मी टोपी शिवून देईन, पदर नाय घ्यायला लावणार. पोरगी हुशार हाय, बायोडेटात लिहिलंय, कंपनीनं जपानला पाठवली होती तीन महिने. जपान! मी नकाशात बघितलं कुठं हाय ते.

तर परवा मी त्याला विचारलं, रणजितला. जेवत होता. म्हणलं, बाळा, अपेक्षा नोकरी करणार ना रे? तुझं काय म्हणणं? पप्पा तर सांगत्यात, करू देऊ. तो हसला. म्हणला, "आई, लग्न होऊ दे आधी, मंग बघू." म्हणलं, बघू म्हणजे? तर म्हणला, "अगं, दोन-चार महिने जाईल, मंग तिचं तिलाच कळंल. तू पण होणारच होतीस ना मास्तरीण?" आणि हसला परत. भाकरी मोडत. त्याला वाटलं, गंमत केली. त्याला वाटलं, आई पण हसंल. मी हसले पण. ताटात भाजी वाढली. मी त्याला विचारलं नाय, तुला हे कुणी शिकवलं म्हणून. शिकवायला लागतच नाय ना. तो जन्मला तवापासनं मला बघतोय — टोपी घालून, हसताना. त्याला कुठनं कळणार की मला अजून त्या कॉलेजच्या पिशवीची आठवण येती? मीच कधी सांगितलं नाय. मी नुसते विनोद केले. चांगले करते मी विनोद, तुमी पण मघाशी हसलात.

नका देऊ.

काय बघताय? ऐकलं तुमी. नका देऊ पोरगी. मारणार नायत, छळणार नायत, उपाशी ठेवणार नायत. मुलीसारखी ठेवतील. रोज सकाळी तिला 'उद्या' म्हणतील. ती आठ दिवस भांडंल, महिनाभर रडंल, मंग पोटुशी राहील, आणि मंग माझ्याच शेजारी ह्या दुकानात येऊन बसंल, आणि आमी दोघी मिळून लय विनोद करू. माझ्या पोराचं वाटोळं करतेय म्हणाल. करतेय. रात्री त्याच्यापुढं ताट वाढताना माझं मला काय होईल ते मी बघीन. घरी सांगा, पत्रिका जमत नाय. पत्रिकेला कुणी नाव ठेवत नाय. माझं नाव काढायचं नाय, मच्छिंद्र मामांजवळ तर अजिबात नाय. आणि डोळे पुसा हो, रडताय काय तुमी, तुमची पोरगी तर वाचली —

पुसा पटकन. हे आले.

— तर ताई, घामाची पट्टी ही अशी सुती असती, आणि कड चार बोटं... आवो, या की. काय म्हणता? कोण? मुलीकडनं? नाय वो, कोण नाय आलं अजून. मी काय इथनं हललेय का, आले असते तर दिसले असते. ह्या होय? ह्या गिऱ्हाईक हायेत. टोपी बघायला आलेल्या. नाय — नाय पसंत पडली त्यांना.

जावा ताई तुमी.